ओटीच्या दारापर्यंत नको, झोप लागेपर्यंत येऊ द्या

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
भूल विभागाचे प्रमुख,
आणि ऑपरेशन थिएटरच्या (ओटीच्या) इनचार्ज सिस्टर,

स.न.वि.वि.

रुग्णालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. तुम्हाला कळेलच पत्र कुणाला आहे, आणि खरं सांगायचं तर ज्या ज्या आईबापांशी मी याबद्दल बोलले त्यातल्या बऱ्याच जणांना वाटलं की मी त्यांच्याच गावच्या दवाखान्याबद्दल बोलतेय. म्हणून नाव राहू दे.

माझ्या मुलीच्या टाळूच्या ऑपरेशनच्या दिवशी जे झालं त्याबद्दल मागे मी तुमच्या ऑफिसात तीन पानी तक्रार दिली, आवकचा शिक्का मारून घेतला, एकोणीस दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. "सदर रुग्णावर प्रचलित नियमावलीनुसार उपचार करण्यात आले असून आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो." तीन पानांत तुम्हाला फक्त भावना सापडल्या. मी त्यात वेळा लिहिल्या होत्या, कोण काय बोललं ते लिहिलं होतं, काय बदलता येईल तेही लिहिलं होतं. त्यातल्या एकाही मुद्द्याला उत्तर नाही, म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितेय.

आधी चांगलं सांगते, नाहीतर म्हणाल बाई भांडायलाच आलीये. ऑपरेशन उत्तम झालं. सर्जन सरांच्या हाताला खरंच यश आहे. दूध आता नाकातून येत नाही, आणि परवा गावच्या जत्रेत आमच्या पोरीने आयुष्यात पहिल्यांदा पिपाणी वाजवली, मग तीन दिवस अख्खी गल्ली डोक्यावर घेतली, शेजारच्या काकांनी शेवटी तिला पिपाणीच्या बदल्यात कॅडबरी देऊ केली तर ती दोन्ही घेऊन पळाली. हे तुमच्यामुळे झालं आणि ते मी विसरणार नाही. माझी तक्रार टाक्यांबद्दल नाहीये. पहाटे साडेपाच ते दुपारी अडीच या वेळात तुमच्या वॉर्डात आणि ओटीच्या दारात जे झालं त्याबद्दल आहे.

पत्रात मी तिला बकुळ म्हणेन. हे तिचं नाव नाही.

बकुळ आमच्याकडे आली तेव्हा पावणेचार वर्षांची होती. ओडिशातल्या एका संस्थेतून, काराच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवरून, सगळं रीतसर. दुभंगलेला ओठ आणि टाळू घेऊन जन्मलेली, ओठ तान्ही असताना शिवलेला, टाळू दोन वर्षांची असताना, पण टाळूचे टाके उसवले आणि मध्ये वाटाण्याएवढं भोक राहिलं. वरणभात खाताना नाकातून यायचा म्हणून ती भिंतीकडे तोंड करून जेवायची, तिला तसं कुणी शिकवलं की आपसूक शिकली ते माहीत नाही. बोलताना हवा नाकातून जायची, त्यात निम्मे शब्द ओडिया, निम्मे मराठी. तिचं बोलणं या जगात फक्त आम्हा दोघांना आणि थोडंफार माझ्या सासूबाईंना कळायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिची आधीची गोष्ट तिची आहे, मी ती इथे सगळी सांगणार नाही. एवढंच सांगते की चार वर्षांत तिची माणसं तीनदा बदलली. आणि दर वेळी जवळपास एकाच पद्धतीने बदलली. सकाळी अंघोळ घातली, अंगावरचे कपडे काढून दुसरे घातले, कुणीतरी हसत हसत उचललं, एका दारातून बाहेर नेलं, आणि त्या दारामागची माणसं तिला पुन्हा कधी दिसली नाहीत. शेवटच्या वेळी उचलणारी मी होते. गाडीत बसल्यावर तिने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही, हातातला बिस्किटचा पुडा घट्ट धरून बसली होती. आम्हाला तेव्हा वाटलं किती समजूतदार आहे.

आता तुमच्या ओटीच्या दाराकडे तिच्या उंचीवरून बघा. अंघोळ, कपडे बदलणं, कुणीतरी उचलणं, दार.

हे आम्हाला आधीच माहीत होतं म्हणूनच आम्ही तयारी केली. आमच्या ओळखीतल्या एका दत्तक-आईने सांगितलं की फार आधी सांगू नकोस, चार वर्षांच्या पोराला महिना म्हणजे काय कळत नाही, पण आदल्या दिवशी सांगून फसवूही नकोस. मग दहा दिवस आधी सांगितलं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूने दहा चपात्या काढल्या, रोज रात्री एक खोडायची. दुखेल का विचारलं तर दुखेल म्हणून सांगितलं, घशात दुखेल, मग औषध देतील मग कमी होईल. तुमच्या गेटचा, लिफ्टचा, हिरव्या पडद्यांचा, निळी टोपी घातलेल्या एका हसऱ्या सिस्टरचा (त्यांना विचारून) मोबाईलवर फोटो काढला, प्रिंट काढून वहीत चिकटवले आणि ती वही रोज वाचली. भुलीच्या तपासणीला आलो तेव्हा तिथल्या मॅडमनी तिला एक जुना मास्क खेळायला दिला. त्या मॅडमचे उपकार आहेत. त्या मास्कमध्ये फुंकर मारायची, फुगा फुगवायचा, मग गाढ झोप. रोज दुपारी बाहुलीचं ऑपरेशन व्हायचं. बकुळ डॉक्टर असली की शेजारी स्टुलावर कापडी हत्ती बसवायची. तो हत्ती म्हणजे बाहुलीची आई. एकदाही तो हत्ती बाहेर थांबला नाही.

कारण आम्ही तिला एक वाक्य दिलं होतं. झोपताना आई, उठताना आई. दात घासताना म्हणायची, जिना चढताना एकेका पायरीला म्हणायची. हे वाक्य आम्ही मनाने बनवलेलं नव्हतं हो, त्याच मॅडमनी सांगितलं होतं की झोप लागेपर्यंत आईला आत येऊ देऊ आणि शुद्धीवर यायला लागली की लगेच बोलावू. मी ते फाईलवर लिहून घेतलं नाही ही माझी चूक. ऑपरेशनच्या दिवशी त्या मॅडमची ड्युटी दुसरीकडे होती.

आणि चप्पल. दवाखान्यात जाताना तिची घरातली लाल चप्पल उंबऱ्यापाशी ठेवून गेलो, सांगितलं की ही इथेच थांबणार, म्हणजे तू परत येणारच. तिने त्यातली एक उचलून पलंगाखाली ढकलली. कुणी दुसऱ्याला देऊन टाकू नये म्हणून.

आता मुद्द्यांवर येते.

पहिला मुद्दा भुकेचा. आदल्या रात्री सांगितलं की बारानंतर पाण्याचा थेंबसुद्धा नाही. ती साडेआठला जेवली होती आणि झोपली होती, म्हणजे तेव्हापासूनच उपाशी. लिस्टमध्ये तिचा नंबर चौथा, आधी तीन मोठी माणसं. आत घेतलं अकरा चाळीसला. पंधरा तास. भूल द्यायच्या आधी पोट रिकामं हवं, नाहीतर उलटी फुप्फुसात जाऊ शकते हे मला कळतं, त्यात तडजोड नको. पण भुलीच्या शास्त्रातला साधा नियम जेवण आणि वरचं दूध सहा तास, आईचं दूध चार तास आणि नुसतं पाणी दोन तास असा आहे ना? मग सकाळी नऊपर्यंत चमचाभर साखरपाणी का नाही? प्रत्येकच लहान मुलासाठी हे वाईट आहे, पण ज्या मुलाने खरी भूक पाहिलीये त्याचं वेगळं असतं. बकुळ आली तेव्हा उशीखाली चपातीचे तुकडे लपवायची, गादी उचलली की बुरशी आलेले तुकडे निघायचे, ते बंद व्हायला पाच महिने लागले. तिच्यासाठी जेवण मिळणं म्हणजे आपण इथे राहणार आहोत.

दहा वाजता ती सिस्टरांना म्हणाली, "भोक." ओडियात भोक म्हणजे भूक. भोक लागुछि, भूक लागलीये. सिस्टर प्रेमाने म्हणाल्या, "हो गं राणी, ते भोकच तर बुजवायचंय." आम्ही दोघं हसलो, मग माझं हसू तोंडातच राहिलं कारण ती माझ्याकडे बघत होती, मी तिची बाजू घेऊन काही बोलेन म्हणून.

दुसरा मुद्दा फाईलचा. फाईलच्या पुठ्ठ्यावर नावाच्या खाली लाल पेनने, कंसात, "दत्तक" लिहिलेलं होतं. पलंगाच्या पायथ्याशी ती फाईल दिवसभर लटकत होती. राऊंडला आलेले, रक्त न्यायला आलेले, चहावाला, शेजारच्या पेशंटचे पाहुणे, सगळ्यांनी वाचलं. कुणी विचारलं "खरी आई कोण मग?" कुणी माझ्या पाठीवर हात ठेवून "फार पुण्याचं काम केलंत" म्हणालं, तिच्यासमोर. (पुण्य वगैरे काही नाही, आम्हाला मूल हवं होतं, तिला घर हवं होतं.) पहाटे पावणेसहाला कॉरिडॉरमध्ये उभं करून दत्तक आदेशाची प्रत मागितली, नाहीतर संमतीची सही चालणार नाही म्हणून. प्रत होती माझ्याकडे, पण तुम्ही जन्मदात्या आईकडे प्रसूतीचे कागद मागता का सहीच्या वेळी? बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ६३ स्पष्ट सांगतं की दत्तक आदेश झाला की ते मूल सर्व बाबतींत दत्तक आईवडिलांचंच, जणू त्यांच्याच पोटी जन्मलेलं. तिच्या जन्मदाखल्यावर आमची नावं आहेत आणि तो दाखला अ‍ॅडमिशनलाच दिला होता.

इथे एक गोष्ट मी मान्य करते. भूल देणाऱ्या डॉक्टरांना ती दत्तक आहे हे कळलं पाहिजे. घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का हा प्रश्न उगाच नसतो. काही घराण्यांत स्कोलीनचा, म्हणजे भूल देताना स्नायू सैल करायला देतात त्या औषधाचा, असर लवकर उतरत नाही, श्वास परत यायला वेळ लागतो, काहींना भुलीच्या वायूने ताप भयंकर चढतो, ते क्वचित पण जिवावरचं, आणि हे सगळं रक्तातून येतं. सिकलसेलचंही तेच. आम्हाला यातलं काहीच माहीत नाही. पण म्हणूनच तो प्रश्न डॉक्टरांनी बंद खोलीत एकदा विचारावा, आतल्या कागदावर "कौटुंबिक माहिती उपलब्ध नाही" असं लिहावं, आणि त्याप्रमाणे जास्तीची खबरदारी घ्यावी. प्रत्यक्षात काय झालं, पुठ्ठ्यावर लाल शाईने दत्तक लिहिलं आणि सिकलसेलची तपासणी मात्र मी आठवण केली तेव्हा केली. म्हणजे जिला माहितीची गरज होती त्या ओटीपर्यंत ती पोचली नाही आणि चहावाल्यापर्यंत पोचली.

तिसरा मुद्दा. सलाईनची सुई लावताना ती रडली, तिघांनी धरलं होतं, कुणीही रडेल. सुई लावायच्या तासभर आधी लावायचं बधिर करणारं मलम मिळतं, मी आणलंही होतं, "वेळ नाही" म्हणून पिशवीतच राहिलं. तेव्हा वॉर्डातली एक बाई म्हणाली, "गप, रडलीस तर आई टाकून जाईल हं तुला." त्यांचा राग नाही मला. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या पोरांना असंच गप्प करतात, पोलीस येईल, बुवा नेईल, डॉक्टर सुई टोचेल, माझ्या आजीनेही केलं. साध्या घरातलं मूल हे ऐकतं आणि विसरतं कारण त्याला मनातून ठाऊक असतं की आई कुठे जात नाही. हिच्या बाबतीत ते एकदा घडून गेलंय.

चौथा मुद्दा म्हणजे दार. याच्यासाठीच खरं तर पत्र.

अकरा चाळीसला आम्ही लाल पट्टीपाशी पोचलो. मी कडेवर घेतलेली, तिच्या हातात बाहुली. मी गाऊन मागितला. इनचार्ज सिस्टर म्हणाल्या पालकांना आत परवानगी नाही. मी मॅडमचं सांगितलं, त्या म्हणाल्या फाईलवर नाही. फोन लावा म्हटलं तर वर सर थांबलेत म्हणाल्या. बाहुलीसुद्धा काढून घेतली, निर्जंतुक नाही म्हणून. गेल्या दहा दिवसांतलं एकेक करून सगळं त्या लाल पट्टीवर माझ्या डोळ्यांदेखत गळून पडत होतं आणि मी मूर्खासारखी, आवाज न चढवता, प्लीज प्लीज म्हणत होते. आतून एक आया आल्या, हात पुढे केले, सिस्टर म्हणाल्या, "जा बाळा, जा मावशीकडे."

आपल्याकडे वॉर्डातल्या बायांना मावशी म्हणतात, आदरानेच म्हणतात, मीही म्हणते. ओडियात माउसी. संस्थेत बकुळला सांभाळणाऱ्या सगळ्या बाया माउसी होत्या.

तिने माझ्याकडे बघितलं, मावशींकडे बघितलं आणि रडायची थांबली. एकदम. सिस्टर म्हणाल्या, बघा किती शहाणी आहे, तुम्हीच उगाच घाबरवत होता. मला ते गप्प होणं ओळखीचं होतं. आमच्याकडे आली तेव्हा पहिले चार दिवस ती अशीच होती, कुणाकडेही जायची, काही मागायची नाही, आणि येणारे जाणारे म्हणायचे काय गुणी पोर आहे. लहान मूल आईपासून तुटून दवाखान्यात पडलं की आधी रडतं, मग हताश होतं, मग गप्प होतं, आणि त्या गप्प होण्यालाच स्टाफ रुळलं असं समजतो, हे जेम्स रॉबर्टसन आणि जॉन बोल्बी यांनी लंडनच्या हॉस्पिटलांमधल्या मुलांचं निरीक्षण करून १९५० च्या दशकातच सांगितलंय. १९५९ साली ब्रिटनच्या प्लॅट समितीने म्हटलं की आईवडिलांना मुलांजवळ येण्यावर बंधन नको. १९८८ मध्ये युरोपातल्या संघटनांनी लायडनमध्ये दवाखान्यातल्या मुलांसाठी सनद केली, तिच्यातही आईबाप कायम जवळ असण्याचा हक्क आहे. मी हे सगळं नंतरच्या जागरणात वाचलं. वाचून बरं वाटलं नाही, उलट चिडचिड झाली, म्हणजे इतकी वर्षं हे माहीत आहे.

पाचवा मुद्दा छोटा आहे. टाळूच्या ऑपरेशननंतर मुलाने तोंडात बोटं घालू नयेत म्हणून कोपर वाकणार नाही अशा पट्ट्या दोन्ही हातांना बांधतात. कारण पटतं. पण हे आम्हाला कुणी आधी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तर वर्तमानपत्राच्या सुरळ्या करून बाहुलीला, हत्तीला, तिच्या बाबाला, सगळ्यांना घरी पट्ट्या बांधल्या असत्या. दहा मिनिटांचा खेळ होता. त्याऐवजी ती बांधलेल्या हातांनी जागी झाली.

आणि जाग येणं, सहावा मुद्दा. ऑपरेशन संपल्याचं सरांनी सव्वाला बाहेर येऊन सांगितलं. मला आत बोलावलं दोन वाजून पाच मिनिटांनी. मधली पन्नास मिनिटं मी दाराला कान लावून उभी होते. पहिली वीसेक मिनिटं काही नाही, मग आवाज. आई नाही, "मा, मा" अशी हाक, सात महिने आई म्हणत होती ती. मग "घर जिबि, घर जिबि", घरी जायचंय. ती कुठल्या मा ला हाक मारत होती आणि कुठल्या घरी जायचं म्हणत होती ते मला आजही माहीत नाही. आत कुणालाही तिचा एक शब्द कळत नव्हता. कळणारी एकच बाई त्या मजल्यावर होती, ती दाराबाहेर होती. मी दार वाजवलं तर सांगितलं, "सगळीच मुलं अशी करतात भुलीतून उठताना."

करतात. खरंय. भूल उतरताना मुलं बावचळतात, ओरडतात, हे मला नंतर कळलं. पण म्हणूनच तर.

घरी आल्यावर काय झालं ते तुम्ही विचारलं नाही तरी सांगते. अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलं. मी बाथरूमचं दार लावलं की बाहेर बसून दार वाजवत राहते, म्हणून आता दार उघडं ठेवून अंघोळ करते. उशीखाली पुन्हा चपाती सापडली, दुधात कुस्करून द्यायची ती, ओलीच्या ओली, उशीचा अभ्रा चिकट. बाहुलीचं ऑपरेशन अजून चालतं, फक्त हत्ती आता दुसऱ्या खोलीत ठेवते. मी एकदा आणून स्टुलावर ठेवला तर तिने तो उचलून परत नेऊन ठेवला, काही न बोलता, सरावाने.

तुम्ही काय म्हणाल ते मला माहितीये, कारण मी ते त्या दिवशी ऐकलंय. इन्फेक्शन होतं. मग गाऊन, टोपी, मास्क, बूटकव्हर द्या, हात धुवायला लावा, ओटीत बाकीची माणसं पण घरूनच येतात ना. मुलांच्या आया चक्कर येऊन पडतात. पडत असतील, मग आधी विचारा, बाबाला पाठवा, सोबत एक माणूस द्या, मूल झोपलं की त्या क्षणाला बाहेर काढा, मी वळूनही बघणार नाही. सगळ्यांना परवानगी दिली तर काम कसं होणार? सगळ्यांना नका देऊ. आणि हेही प्रामाणिकपणे लिहिते की आई आत असली म्हणजे प्रत्येक मूल शांत राहतंच असं नाही, अभ्यासांमध्ये तसं दिसलेलं नाही, कधीकधी घाबरलेली आई मुलालाही घाबरवते, आणि मिडॅझोलमसारखं पाजायचं औषध अर्धा तास आधी दिलं तर त्याने मूल जास्त शांत जातं. ठीक आहे, मग ते द्या. बकुळला ते औषधही दिलं नाही आणि आईही दिली नाही.

भारताने संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता १९९२ मध्ये मान्य केलीये, महाराष्ट्राने २०२१ च्या नर्सिंग होम नियमांमध्ये रुग्णहक्कांची सनद लावायला सांगितलीये, गुप्ततेचा हक्क तिच्यात आहे. तुमच्याकडे ती सनद लावलेली आहे, लिफ्टच्या शेजारी, काचेच्या फ्रेममध्ये. समोर झाडाची कुंडी ठेवल्यामुळे खालच्या ओळी दिसत नाहीत.

माझ्या मागण्या अशा आहेत. यातली एकही यंत्र विकत घ्या म्हणत नाही.

१. लहान मुलांच्या बाबतीत भूल चढेपर्यंत एक पालक आत येऊ शकेल की नाही हे भुलीच्या तपासणीच्या दिवशीच ठरवा आणि फाईलवर लिहा. एकदा लिहिलं की ओटीच्या दारात ते बदलायचं नाही. बदलायचंच असेल तर भुलीच्या डॉक्टरांनी स्वतः बाहेर येऊन कारण सांगावं.

२. पालक आत येणार नसेल तर आधी शांत करणारं औषध द्यायचं का हा विचार प्रत्येक मुलासाठी व्हावा, आणि मुलाची एक वस्तू, बाहुली, आईची ओढणी, काहीही, झोप लागेपर्यंत त्याच्या हातात राहू द्यावी.

३. मूल हलायला लागलं की पालकाला बोलवा. शुद्धीवर आल्यावर नाही, यायला लागल्यावर. ज्या मुलाची भाषा स्टाफला कळत नाही त्याच्या बाबतीत तर यात चर्चाच नको, मग ते दत्तक असो, ऊसतोडीला आलेल्या घरातलं असो की बांधकामावरच्या बिहारी मजुराचं.

४. मुलांची ऑपरेशनं लिस्टमध्ये सगळ्यात आधी घ्या, आणि उशीर होणार असेल तर वॉर्डला फोन करून पाणी द्यायचं की नाही ते कळवा.

५. "दत्तक" हा शब्द फाईलच्या बाहेर, पलंगावर, फळ्यावर कुठेही नको. आतल्या कागदावर, फक्त डॉक्टरांसाठी. जन्मदाखल्यावर आईवडील म्हणून नाव असेल तर सहीसाठी आणखी कागद मागू नका.

६. ऑपरेशननंतर मूल कसं दिसेल, हाताला काय बांधलेलं असेल, नाकात काय असेल, किती दिवस पातळ खायचं, हे एका कागदावर मराठीत छापून आधी द्या. मी लिहून देते हवं तर. खरंच देते.

७. "आई टाकून जाईल" हे वाक्य तुमच्या वॉर्डात कुणीही कुठल्याही मुलाला म्हणू नये. यासाठी कुणाला नोटीस देऊ नका, कुणाचा पगार कापू नका. त्या बाई दिवसभर बारा मुलांचं करतात. त्यांना चहाला बसवून सांगा, त्यांना कळेल.

बकुळला आणखी एक ऑपरेशन लागणार आहे, हिरडीत हाड भरायचं, पक्के दात यायच्या वयात, आठ-नऊ वर्षांची झाली की. सर म्हणालेत इथेच करू. मलाही इथेच करायचंय, त्या हातांवर माझा विश्वास आहे. म्हणजे तुमच्याकडे चारेक वर्षं आहेत, पण तुमच्या लिस्टवर उद्या सकाळीही कुणाचं तरी मूल असेलच.

उत्तर लेखी हवंय, मुद्द्यांप्रमाणे. पत्ता तक्रारीवर आहे.

पुढच्या तपासणीला आम्ही २२ तारखेला येतोय. फक्त तोंड उघडून बघणार आहेत, पाच मिनिटांचं काम, तरी भिंतीवर चपात्या काढून झाल्यात. चप्पल मात्र घालणार नाही म्हणते, घरचीही नाही आणि बाहेरचीही नाही, सगळे जोड घरीच राहिले पाहिजेत. मी दोनदा समजावलं, ऐकत नाही. तेव्हा त्या दिवशी ओपीडीत अनवाणी पोर दिसली तर कुणी ओरडू नका, ती आमची आहे.

आपली,
बकुळची आई